निलगिरीचे तेल घरी कसे वापरावे: वास, वाफ, मालिश आणि साफसफाई

सर्दीने नाक चोंदले आणि डोके जड झाले की घरातील कोणीतरी कपाटातून निलगिरीच्या तेलाची लहान बाटली काढते, रुमालाच्या कोपऱ्यावर दोन थेंब टाकते आणि तो रुमाल हातात देते. हा उपाय साधा आहे, स्वस्त आहे आणि मोठ्या माणसाने बेताने केला तर त्यात धोकाही फारसा नाही. मात्र त्याच बाटलीतले तेल कोणी चहात घालते, कोणी तान्ह्या बाळाच्या नाकाखाली लावते, कोणी उकळत्या पाण्यात झाकणभर ओतून त्यावर चादर घेऊन बसते, आणि मग आराम पडण्याऐवजी दवाखाना गाठण्याची वेळ येते. निलगिरीचा गुण तिच्या वासात आहे, तिची मात्रा थेंबांत मोजायची असते आणि तिची जागा शरीराच्या बाहेर आहे. या तीन गोष्टी सांभाळून ती घरात कशी वापरावी, हे येथे सविस्तर सांगतो.

कोणती निलगिरी, कोणते तेल

निलगिरीचे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. त्याचे शास्त्रीय नाव युकॅलिप्टस असून त्याच्या सातशेहून अधिक जाती आहेत. ‘नीट झाकलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले, आणि कळी हातात घेतली की त्याचे कारण लगेच कळते: कळीच्या तोंडावर टोपीसारखे घट्ट झाकण असते आणि फूल उमलताना ते गळून पडून आतील केसरांचा झुपका बाहेर येतो. जांभूळ, पेरू आणि लवंग हे याच कुळातले. पान उजेडासमोर धरले तर सुईच्या टोकाएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळल्यावर येणारा वास याच ग्रंथी फुटून येतो.

आपल्याकडे अनेकांची समजूत अशी असते की या झाडांमुळे दक्षिणेतील पर्वताला निलगिरी नाव मिळाले. प्रत्यक्षात पर्वताचे नाव कितीतरी जुने आहे आणि झाडच त्या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास, नंदी टेकडीवरील बागेत ही झाडे लावली गेली, आणि १८४३ मध्ये ती निलगिरी पर्वतात आली. तेथे पुढे जळणाच्या लाकडासाठी त्यांची मोठी लागवड झाली आणि उटीच्या परिसरात पानांपासून तेल काढण्याचा धंदा उभा राहिला.

औषधी तेलासाठी प्रामुख्याने जी जात वापरतात तिचे नाव युकॅलिप्टस ग्लोब्युलस. तिची कोवळी पाने रुंद, निळसर आणि भुकटी लावल्यासारखी दिसतात, तर जून पाने कोयत्यासारखी लांब आणि वाकडी असतात. हिला थंड डोंगराळ हवा मानवते. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्यांच्या कडेला आणि शेतांच्या बांधांवर जी निलगिरी लावली गेली, ती बहुतेक निराळ्या जातीची आहे. ती लाकडासाठी, बल्ल्यांसाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी चांगली, पण तिच्या पानांतील तेलाचे घटक आणि त्यांचे प्रमाण वेगळे असते. तिसरी जात लिंबाच्या वासाची. तिच्या तेलात सिट्रोनेलाल हा घटक मुख्य असतो, म्हणून त्या तेलाचा वास गवती चहाची आठवण करून देतो आणि चोंदलेल्या नाकासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा दारातल्या झाडाची पाने आणि दुकानातली बाटली एकच आहेत, असे धरून चालू नये.

पानांतून वाफ सोडून, ती वाफ थंड करून हे तेल वेगळे काढतात. व्यापारी प्रमाणावर हे काम १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने सुरू केले. तेलातील मुख्य घटकाचे नाव १,८-सिनिओल, त्यालाच युकॅलिप्टॉल असेही म्हणतात. औषधी दर्जाच्या तेलात तो साधारण ७० टक्के किंवा त्याहून अधिक असतो आणि नाकात शिरणारा तो गार, झणझणीत वास त्याचाच.

बाटली विकत घेताना ती औषधांच्या दुकानातून घ्यावी. तिच्यावर औषधी दर्जाचा उल्लेख, उत्पादनाची तारीख, मुदत आणि ‘केवळ बाह्य वापरासाठी’ ही सूचना आहे की नाही, हे पाहावे. सहलीहून येताना रस्त्याकडेच्या दुकानातून घेतलेल्या स्वस्त बाटलीत भेसळ असू शकते. त्याची एक सोपी परीक्षा घरी करता येते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक थेंब निलगिरीचे तेल आणि शेजारी एक थेंब गोडेतेल टाकून कागद वाऱ्यावर ठेवावा. काही तासांनी गोडेतेलाचा डाग तसाच तुपकट राहतो, तर निलगिरीचा थेंब उडून जाऊन कागद जवळजवळ कोरा होतो. तेथेही तुपकट कडे राहिले तर त्यात दुसरे तेल मिसळले आहे, हे नक्की. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही, कारण तेही उडून जाते. म्हणून खात्रीच्या दुकानाला पर्याय नाही.

वापरण्यापूर्वी आणखी एक काम करावे: आपल्या बाटलीचे थेंब मोजावेत. एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब असे धरतात, पण काही बाटल्यांच्या तोंडाला बारीक भोकाची नळी असते आणि काहींना काहीच नसते, तेथे थेंबाऐवजी धार लागते. तशी बाटली असेल तर काचेचा ड्रॉपर वेगळा विकत घ्यावा. पुढे जी प्रमाणे दिली आहेत ती वीस थेंबांच्या हिशेबाने आहेत.

रुमालावर दोन थेंब

माझ्या मते घरगुती वापरात यापेक्षा चांगली रीत नाही. स्वच्छ सुती रुमालाच्या मध्यभागी एक किंवा दोन थेंब टाकावेत, अर्धा मिनिट थांबावे, रुमालाची घडी अशी करावी की ओला भाग आत जाईल, आणि तो नाकापासून चार बोटे दूर धरून सावकाश श्वास घ्यावा. तेल लागलेला भाग नाकाला किंवा ओठांना टेकवू नये, कातडीची आग होते. रात्री उशीच्या अभ्र्यावर थेंब टाकण्याची अनेक घरांत सवय असते. त्याऐवजी तो रुमाल उशापासून हातभर अंतरावर ठेवावा, म्हणजे झोपेत कूस बदलताना तेल डोळ्यांना लागत नाही.

याने नेमके काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. सर्दीत नाक बंद होते ते आतील अस्तराला सूज आल्यामुळे. निलगिरीचा वास ती सूज लगेच उतरवत नाही. नाकातील गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना तो चेतवतो आणि हवा मोकळी जात असल्याची जाणीव मेंदूला होते. ही जाणीव कमी मोलाची नाही. रात्री नाक चोंदल्याने तळमळणाऱ्या माणसाला तिच्यामुळे झोप लागते. पण सर्दीचे दिवस याने कमी होतील किंवा छातीतला जंतुसंसर्ग बरा होईल, अशी अपेक्षा धरू नये. तीन दिवसांहून अधिक ताप, धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त किंवा एका बाजूच्या गालात ठणका असेल तर रुमाल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

शुद्ध सिनिओलवर संशोधन झालेले आहे आणि त्यात आशादायक गोष्टीही आढळल्या आहेत. जर्मनीत २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीन वेळा देऊन सायनसच्या आणि दम्याच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या; सिनिओलमुळे दाह कमी होतो, असे त्यांतून दिसले. मात्र ते मोजून भरलेले, शुद्ध केलेले औषध होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले होते. तो दाखला देऊन बाटलीतले तेल साखरेवर टाकून चघळणे किंवा काढ्यात घालणे मुळीच योग्य नाही.

वाफ घेण्याची रीत

वाफ घेताना होणारे अपघात तेलामुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त होतात. उकळते पाणी मांडीवर सांडून भाजलेले रुग्ण रुग्णालयांत नेहमी येतात, आणि कोरोनाच्या साथीत लोक दिवसातून अनेकदा वाफ घेऊ लागले तेव्हा अशा भाजण्याच्या घटना वाढल्या होत्या. वाफेने विषाणू मरत नाहीत. गरम ओलाव्याने नाकातील आणि घशातील घट्ट स्राव पातळ होतो व बरे वाटते, एवढाच तिचा उपयोग आणि तेवढ्यासाठी ती घ्यावी.

रुंद बुडाचे, जड पातेले घ्यावे. माझ्या आईने यासाठी एक जुने पितळी पातेले वेगळे ठेवले होते आणि त्याच्याखाली ती नेहमी ओला फडका घालायची, म्हणजे धक्का लागला तरी पातेले सरकत नसे. टेबल पक्के असावे आणि बसणाऱ्याचे पाय टेबलाखाली नसावेत, तिरके बाजूला असावेत. पाणी हिंदकळले तरी ते मांडीवर येत नाही. पलंगावर, गादीवर किंवा मांडीवर पातेले कधीही ठेवू नये. पातेले आधी टेबलावर ठेवून त्यात निम्म्यापर्यंतच गरम पाणी ओतावे, भरलेले पातेले घेऊन घरभर चालू नये. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून तीन-चार मिनिटे थांबावे. खळखळत्या पाण्याची पहिली वाफ चेहरा भाजण्याइतकी गरम असते.

आता तेल. लिटरभर पाण्याला एक किंवा दोन थेंब पुरे. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वरच तरंगते आणि पाणी गरम असल्यामुळे पहिल्याच झोतात जवळजवळ सगळे उडते. म्हणून जास्त टाकल्याने ते जास्त वेळ टिकत नाही, फक्त तो पहिला झोत असह्य होतो. कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या रात्री मी घाईने झाकणभर तेल ओतून डोक्यावरून चादर घेतली होती. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि खोकल्याची उबळ कितीतरी वेळ थांबली नाही. तेव्हापासून मी आधी दोन-तीन मिनिटे साधी वाफ घेतो आणि मग एक थेंब टाकतो.

चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवावेत, डोळे मिटलेले ठेवावेत, चेहरा पाण्यापासून दीड वीत वर असावा. जाड चादरीऐवजी पातळ टॉवेल डोक्यावरून घेऊन तो एका बाजूने उघडा ठेवावा. पाच मिनिटे, दिवसातून दोन वेळा, याहून अधिक नको. गुदमरल्यासारखे झाले, चक्कर आली किंवा छातीत घरघर वाढली तर लगेच थांबावे. पाणी तेथेच सोडून उठू नये. घरात मूल असेल तर ते आधी मोरीत ओतावे आणि मग तोंड पुसावे.

विजेवर चालणाऱ्या वाफेच्या यंत्रात तेल टाकण्यापूर्वी त्याचे माहितीपत्रक वाचावे. हे तेल अनेक प्रकारच्या प्लॅस्टिकला खाते, भांड्याला तडे जातात आणि गरम पाणी उडू शकते. दम्यासाठी जे नेब्युलायझर यंत्र असते त्यात तर निलगिरीचाच काय, कोणत्याही तेलाचा थेंब टाकू नये. ते बारीक तुषार होऊन थेट फुप्फुसात जाते. जलनेतीच्या पाण्यातही हे तेल वर्ज्य आहे.

अंगाला चोळताना

पाठ धरली, पोटऱ्या भरून आल्या, मान अवघडली की निलगिरी चोळल्याने बरे वाटते. कातडीला आधी गार आणि मग ऊबदार वाटते, तेथला रक्तप्रवाह वाढतो, आणि त्या संवेदनेपुढे आतील दुखणे काही काळ मागे पडते. हाताने चोळण्याचा फायदा त्यात निराळा. बाजारातील बहुतेक दुखण्याच्या बामांत मेंथॉल आणि कापराबरोबर निलगिरी असते ती याचसाठी.

तेल थेट बाटलीतून अंगावर ओतू नये. पन्नास मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात एक मिलिलिटर, म्हणजे वीस थेंब, निलगिरी मिसळावी. हे दोन टक्क्यांचे मिश्रण रोजच्या वापराला पुरेसे आहे. थंडीत खोबरेल गोठते, तेव्हा ते आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करावे आणि गॅसपासून दूर येऊन मग निलगिरी घालावी. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतील बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. तेथे लाली, खाज किंवा पुरळ आले तर हे तेल आपल्यासाठी नाही.

संध्याकाळी अंघोळीनंतर अंग कोरडे करून दुखऱ्या भागावर चमचाभर मिश्रण पाच-सात मिनिटे हलक्या हाताने चोळावे आणि सैल सुती कपडा घालावा. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये किंवा घट्ट पट्टी बांधू नये, कातडी पोळते. जखम, इसब, नायटा, नुकतीच दाढी केलेली जागा आणि चेहरा टाळावा. चोळून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. पाय मुरगळून नुकताच सुजला असेल तर पहिले दोन दिवस चोळण्याचे नावही काढू नये; तेथे विश्रांती आणि गार शेक हाच उपाय. सुजेबरोबर पाय टेकवता येत नसेल तर हाड मोडले आहे का, हे तपासून घ्यावे.

मोठ्या माणसाच्या कफासाठी हेच मिश्रण छातीला आणि पाठीला लावता येते. गळ्यापाशी थांबावे, नाकाजवळ येऊ नये.

लहान मुलांच्या बाबतीत

येथे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. दोन वर्षांखालील मुलाला निलगिरीचे तेल कोणत्याही रूपात लावू नये: छातीला नको, टाळूला नको, तळपायाला नको, कपड्यांवर नको, आणि नाकाखाली तर कधीच नको. एवढ्या लहान मुलाच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि तीव्र वासाने घसा प्रतिक्षिप्तपणे आवळला जाऊन श्वास अडू शकतो. दोन वर्षांवरील मुलांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये आणि चेहऱ्यावर मुळीच लावू नये. मोठ्या माणसांसाठीचा बाम बोटाने पुसून बाळाच्या छातीला लावणे म्हणजेही निलगिरी आणि कापूर लावणेच आहे. कापूर लहान मुलांना अधिकच घातक ठरतो. आजीने आम्हाला लावले, आम्हाला काही झाले नाही, असे घरात कोणी म्हणेल. त्या मायेचा मान राखूनही येथे नाही म्हणायला हवे.

बाळाचे नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे तयार थेंब औषधांच्या दुकानात मिळतात. ते डॉक्टरांना विचारून घालावेत, दूध थोडे थोडे आणि वारंवार पाजावे. बाळ दूध ओढेनासे झाले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा श्वास फार जलद होऊ लागला तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

मोठ्यांपैकीही काहींनी हे तेल टाळावे. ज्यांना फेफरे म्हणजे अपस्मार आहे त्यांनी निलगिरीचा वास, वाफ आणि निलगिरी-कापराचे बाम, तिन्ही टाळावेत. यांच्या वापरानंतर झटका आल्याच्या रुग्णांच्या नोंदी दक्षिण भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांत पूर्वी कधी झटका न आलेले रुग्णही होते. दम्याच्या काही रुग्णांना तीव्र वासाने धाप लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे. बाळाला कवेत घेऊन पाजायचे असताना छातीला हे तेल लावलेले नसावे, हे तर उघडच आहे. घरात मांजर असेल तर तिच्या अंगाला हे तेल लावू नये आणि ती बसते त्या बंद खोलीत त्याचा दरवळही ठेवू नये, कारण मांजराच्या यकृताला असे पदार्थ पचवता येत नाहीत.

तेल पोटात गेले तर

चमचाभर म्हणजे पाच मिलिलिटर तेल मोठ्या माणसालाही गंभीर विषबाधा करू शकते आणि लहान मुलाला त्याहून पुष्कळ कमी पुरते. तोंडात व पोटात जळजळ, उलटी, झोकांड्या, गुंगी, श्वास मंदावणे आणि झटके ही लक्षणे काही मिनिटांतही सुरू होऊ शकतात. मूल बाटली तोंडाला लावून बसलेले दिसले तर बाटली काढून घ्यावी, तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे. उलटी होण्यासाठी घशात बोट घालू नये, मिठाचे पाणी पाजू नये. उलटी होताना हे पातळ तेल फुप्फुसात शिरले तर दुखणे दुप्पट होते. दूध किंवा तूप पाजण्याचा प्रयोगही करू नये. मूल गुंगीत असेल तर कुशीवर निजवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, आणि दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा विनाशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे. बाटली बरोबर न्यावी. तिच्यात किती तेल उरले आहे यावरून डॉक्टरांना अंदाज येतो.

तेल डोळ्यांत उडाले तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा मिनिटे डोळा उघडा धरून धुवावा, चोळू नये, आणि आग थांबली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

घरकामात निलगिरी

औषधापेक्षा घरकामात हे तेल अधिक निःशंकपणे वापरता येते. नव्या स्टीलच्या डब्यावर किंवा ताटाच्या मध्यभागी चिकटवलेले लेबल नखाने खरवडले की वरचा कागद निघतो आणि खाली चिकट काळपट थर राहतो. तो काथ्याने घासला तर भांड्याला ओरखडे पडतात. त्या थरावर कापसाने निलगिरीचे दोन-तीन थेंब पसरावेत आणि पाच मिनिटे विसरून जावे. मग कोरड्या फडक्याने एकाच दिशेने पुसले की गोंद गोळ्या होऊन सुटतो. नंतर भांडे साबणाने दोनदा धुवावे, वास राहता कामा नये. काचेच्या बरणीवरचे लेबल, कपड्याला चिकटलेले च्युइंगम आणि चपलेला लागलेले डांबर यांवरही हीच युक्ती चालते. प्लॅस्टिक, थर्माकोल, पॉलिश केलेले लाकूड आणि रंगवलेला पृष्ठभाग यांवर मात्र वापरू नये. थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहिले तर तो डोळ्यांदेखत खचताना दिसतो. हे तेल किती तीव्र आहे, ते यावरून ध्यानात येईल.

फरशी पुसण्याच्या पाण्यात थेट तेल टाकले तर ते वर तरंगते आणि फरशीवर ठिपके पडतात. आधी चमचाभर द्रव साबणात दहा थेंब घोटून घ्यावेत आणि मग ते अर्ध्या बादलीत मिसळावे. पावसाळ्यातील कुबट वास याने जातो. एवढ्या थोड्या प्रमाणात त्याने जंतू मरतील असे समजू नये. घरात आजारी माणूस असेल तर नेहमीचे जंतुनाशकच वापरावे. पावसाने भिजलेल्या बुटांत वाळवल्यानंतर एक-एक थेंब टाकलेला कापसाचा बोळा रात्रभर ठेवावा.

गोधड्या आणि चादरींतील धुळीच्या सूक्ष्म किड्यांमुळे ज्यांना सकाळी उठल्याबरोबर शिंका सुरू होतात, त्यांच्यासाठी एक माहिती उपयोगी पडेल. साबणात मिसळलेल्या निलगिरी तेलाच्या पाण्यात कपडे भिजवून धुतल्यास हे किडे मोठ्या प्रमाणात मरतात, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले होते. त्याला तेल पुष्कळ लागते, त्यामुळे दर आठवड्याला ते परवडणारे नाही. साठ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुणे स्वस्त पडते. जे लोकरी किंवा नाजूक पांघरूण गरम पाणी सोसत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग राखून ठेवावा.

डासांसाठी निलगिरीचे तेल हातापायांना लावले तर वास आहे तोवर थोडा फरक पडतो, पण ते लवकर उडून जाते. परदेशांत डास पळवण्यासाठी ज्या ‘लेमन युकॅलिप्टस’ मलमांची शिफारस होते, ती लिंबाच्या वासाच्या जातीच्या तेलावर प्रक्रिया करून केलेली असतात, आणि तीही तीन वर्षांखालील मुलांना लावायची नसतात. आपल्या बाटलीतले तेल ते नव्हे. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत मच्छरदाणी, जाळीच्या खिडक्या आणि साचलेले पाणी ओतून टाकणे यांवरच भिस्त ठेवावी. डासांच्या यंत्राच्या रिकाम्या बाटलीत निलगिरी आणि कापूर भरून ती रात्रभर विजेवर तापवत ठेवण्याचा जो प्रकार सर्रास सांगितला जातो, तो करू नये. हे तेल पेट घेणारे आहे आणि बंद खोलीत रात्रभर त्याची वाफ श्वासात जाणे कोणालाच हिताचे नाही.

पानांचा उपयोग थोडा आणि सौम्य आहे. मूठभर धुतलेली पाने गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून, गाळून, ते पाणी अंघोळीच्या बादलीत घातले तर थकवा उतरल्यासारखा वाटतो. पानांचा काढा पिऊ नये आणि ती जाळून धुरी देऊ नये; खोकला झालेल्या घरात धूर करणे केव्हाही वाईट.

बाटली गडद रंगाच्या काचेची असावी, झाकण घट्ट असावे, आणि ती गॅसच्या शेगडीपासून व देवघरातल्या निरांजनापासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात ठेवावी. खोकल्याच्या औषधाच्या आणि कानात-डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या शेजारी तर ती कधीच नसावी. अंधारात बाटल्या सारख्याच लागतात. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावावी. हवा लागून जुने झालेले तेल कातडीला अधिक झोंबते. वर्ष-दीड वर्षाने वास पूर्वीसारखा गार न राहता टर्पेंटाइनसारखा उग्र येऊ लागला, की ते रुमालावर आणि अंगावर वापरणे बंद करावे, बाटलीवर ‘फक्त सफाईसाठी’ असे मोठ्या अक्षरात लिहावे आणि उरलेले तेल डब्यांची लेबले काढायला ठेवावे.